‘टाकणे’ म्हणजे

“तुझ्याकडची हवा किती छान आहे रे,” ताई म्हणाली, आणि तो एक बूट काढून दुसरा पायात तसाच ठेवून उभा राहिला. या शहरातल्या हवेला कुणी छान म्हटलेलं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. खिडकीखाली बसथांबा होता, समोर रंगाचं दुकान होतं, गॅलरीतल्या कुंड्यांच्या पानांवर काळी पूड बसायची आणि बायको ती ओल्या फडक्याने पुसायची. आणि त्याच उघड्या खिडकीशी खुर्ची ओढून ताई डोळे मिटून लांब लांब श्वास घेत बसली होती. न कळवता आली होती. गाईगुरं सोडून हलता येत नाही म्हणून कितीदा बोलावूनही न येणारी त्याची थोरली बहीण आज एक लहानशी पिशवी घेऊन आली होती, आणि येऊन हवेचं कौतुक करत होती. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याच्या मनात आलं. त्याने तो विचार मुद्दाम केला नाही. पाय घसरला की हात आपोआप भिंतीकडे जातो, तसा त्याचा संशय आपोआप पुढे व्हायचा. “बरी आहेस ना?” त्याने विचारलं. “मला काय धाड भरलीय,” ती म्हणाली आणि हसली. हसणं जरा उशिरा आलं, हे त्याने टिपलं.

संशय हा त्याच्या पोटापाण्याचाच भाग होता. तो सरकारी कचेरीत कायद्यांचे मसुदे लिहायचा, आणि त्यातही व्याख्या. बाकीची कलमं कुणीही लिहावीत, पण अमुक म्हणजे काय आणि तमुक म्हणजे काय, हे त्याच्याच टेबलावरून जायचं. व्याख्या लिहिणाऱ्याने प्रत्येक शब्दाकडे चोर म्हणून बघायचं असतं. हा कुठल्या फटीतून पळेल, कुणाला हळूच आत घेईल, शेजारच्या शब्दाशी याचं काही साटंलोटं आहे का? वीस वर्षं शब्दांकडे असं बघितलं की माणसांकडे वेगळं बघता येत नाही. दूधवाला हसला की तो दुधाकडे बघायचा, डॉक्टरने काही नाही म्हटलं की डॉक्टरच्या डोळ्यांकडे बघायचा. कचेरीत त्याला मागून शंकासुर म्हणत. मागून म्हणतात हेही त्याला आधी संशयानेच कळलं होतं आणि मग ते खरं निघालं होतं, त्यामुळे संशयावरची त्याची श्रद्धा आणखी पक्की झाली. गंमत अशी की जो कुणावर विश्वास टाकत नाही, त्याच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास टाकतात. साहेब त्याच्या व्याख्या वाचत नसत. “तुम्ही बघितलंय ना? मग झालं,” म्हणत आणि सही करत.

आणि ताई आली ती नेमकी कधी, तर शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवरच्या कायद्याचा मसुदा शेवटच्या नजरेसाठी त्याच्या टेबलावर परत आला, त्याच दिवशी. कापणीनंतर जाळला जाणारा पेंढा, फवारणीचे रिकामे डबे, आणि मुख्य म्हणजे मोठ्या गोठ्यांमागे साचणारं शेणमुताचं पाणी, हे सगळं पहिल्यांदाच पर्यावरणाच्या कायद्यात येणार होतं. ताईच्या घरामागे असंच एक तळं होतं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, गोठा वाढवत वाढवत नेला आणि गाईंच्या मागोमाग तळंही वाढलं. त्याने ते एकदाच बघितलं होतं. वर तपकिरी साय धरलेली, मधूनच एखादा बुडबुडा यायचा आणि त्या सायीला भोक पाडून जायचा. काठाशी पंप, पंपाला पाइप, पाइप शेतात. तळं भरलं की पंप सुरू, मग जमीन तहानलेली असो की आधीच चिंब असो. “खत टाकतोय,” दाजी म्हणाले होते, आणि त्याच्या नाकावरचा रुमाल बघून पोट धरून हसले होते. “शहरातली नाकं फार नाजूक हो तुमची.” ताई तेव्हा दाराशी उभी होती आणि काही बोलली नव्हती. ती आतल्या गाठीची आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

रात्री जेवताना त्याने तिच्याकडे बारीक लक्ष ठेवलं. ताई रिकाम्या हाताने आली होती. याआधी ती कधी कुणाबरोबर निरोप पाठवायची तरी सोबत तुपाची बरणी, नाहीतर खरवस असायचाच, आणि आज स्वतः आली तर काही नाही. का नाही? काही आणलं तर ते लाच दिसेल, असं तिला वाटलं असेल का? म्हणजे लाच दिसेल असं काहीतरी तिच्या मनात आहे. हा विचार त्याला इतका चोख वाटला की घास तोंडातच राहिला. ती पाणी फार पीत होती. नळाखाली पेला धरायची, दिव्याकडे उंच करून बघायची, आणि घटाघटा प्यायची, पुन्हा भरायची. बोलायची वेळ पुढे ढकलणारा माणूस असाच हातात काहीतरी धरून बसतो, हे त्याने कितीतरी बैठकांत बघितलं होतं. “वन्सं काहीतरी मनात धरून आल्यात,” बायको नंतर हळूच म्हणाली. “तुम्ही विचारा ना सरळ.” “विचारलं की ती सावध होईल,” तो म्हणाला. बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, बहीण आहे ती तुमची. आरोपी नाही.”

बहीण होती, हीच तर अडचण होती. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. तिची शाळा सुटली ती त्याची सुटू नये म्हणून, हे घरात कुणी कधी बोललं नाही, आणि न बोलल्यामुळेच ते त्याच्या छातीत दगडासारखं बसून राहिलं. अक्षरं तिनेच शिकवली, गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने. एकदा तिने त्याला सांगितलं होतं, “ही शेणाची पाटी उचल आणि शेतात टाक,” आणि तो बांधावर जाऊन सगळी पाटी दूर ओढ्यात भिरकावून आला होता. तिचं हसणं थांबेना. “अरे धाकट्या, टाक म्हणजे फेक नव्हे! शेतात टाकायचं म्हणजे द्यायचं जमिनीला.” त्याला तेव्हा फार राग आला होता. एकच शब्द, आणि कचऱ्यालाही तोच, खतालाही तोच? ही फसवणूक आहे, असं त्या वयातही त्याला वाटलं होतं. शब्दांवरचा त्याचा पहिला संशय तो, असं म्हणायला हरकत नाही. आणि आता एवढ्या वर्षांनी तेच क्रियापद अख्ख्या कायद्याच्या मानेवर बसलं होतं.

कारण कायद्यात लिहायचं होतं, ‘टाकाऊ पदार्थ’ म्हणजे धारकाने टाकलेला पदार्थ. सोपं वाटतं. पण पहिल्याच बैठकीत गोठेवाल्यांच्या संघाचा वकील गोड हसून म्हणाला, “शेतकरी खतही टाकतोच की साहेब. मग खत टाकणारा प्रत्येक जण गुन्हेगार?” सगळे हसले. वकिलाने सुचवलं, शेतात खत म्हणून टाकलेला, अथवा टाकण्यासाठी साठवलेला पदार्थ वगळावा. हे ऐकून प्रयोगशाळेची बाई उसळली. ती बाई विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायची आणि तिच्या बोटांना कायम औषधांचा वास यायचा. “मग तळी कायद्यात येणारच नाहीत,” ती म्हणाली. “उद्या कुणीही म्हणेल, आज ना उद्या शेतात टाकणारच आहे. जमीन पोट फुटेस्तोवर खात नाही हो. जास्तीचं खाली झिरपतं, विहिरीत जातं.” भांडून भांडून तिने तीन शब्द घालून घेतले, ‘जमिनीला लागेल तेवढाच’. शेतात खत म्हणून, जमिनीला लागेल तेवढाच, टाकलेला अथवा टाकण्यासाठी साठवलेला पदार्थ टाकाऊ समजला जाणार नाही. वाक्याला डौल नव्हता, पण दार लागत होतं. त्याला ते मनापासून आवडलं होतं. साऱ्या मसुद्यात खात्रीलायक प्रामाणिक असे तेवढेच तीन शब्द, असं तो स्वतःशी म्हणाला होता. त्या तीन शब्दांमुळे दाजींचं तळं बुजवावं लागणार होतं, हेही त्याला तेव्हाच दिसलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं मनाशी म्हणून तो पुढच्या कलमाकडे वळला होता. तेव्हा ताई दूर होती. दूरच्या माणसाविरुद्ध प्रामाणिक राहणं सोपं जातं.

आता ती त्याच्या खिडकीत बसली होती. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने विचारलं, “तो कायदा कधी येणार रे?” अगदी सहज, बशीतल्या चहावर फुंकर घालत. त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आलं, एकदाचं आलं. “कुठला कायदा?” “तेच, शेणाबिणाचं काहीतरी म्हणतात. त्यात तळ्यांचं आहे का काही?” तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. “ते बाहेर सांगता येत नाही, ताई.” “हो हो, बरोबर आहे,” ती चटकन म्हणाली, आणि चहा संपेपर्यंत पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. ओशाळली, त्याने मनात नोंद केली. म्हणजे दाजींनीच पाठवलंय. भाऊ मसुदा लिहितो, जा, जरा शब्द टाक. आणि हिला ते जमत नाहीये. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे तिच्या रक्तातच नाही. तिला आयुष्यात कुणाकडे काही मागता आलं नाही. आणि एकाएकी, संशयाच्या अगदी तळाशी, त्याला तिची विलक्षण कणव आली. या बाईने त्याच्यासाठी सगळं केलं आणि कधी हिशेब मांडला नाही, आणि आज नवऱ्याने तिला भावाच्या दारात याचक म्हणून उभं केलंय. हवेचं कौतुक करत, पाण्याचे पेले मोजत ती शब्द जुळवतेय. तिला तोंड उघडून मागावं लागलं, तर त्याला स्वतःची लाज वाटली असती.

त्या दिवशी कचेरीत तो बराच वेळ त्या वाक्यासमोर बसला. पंखा फिरत होता, पलीकडच्या टेबलावर कुणीतरी पेन्सिल तासत होतं. तीन शब्द नुसते तीन शब्द दिसत होते. ‘लागेल’ म्हणजे काय, कुणी ठरवायचं? न्यायालयात याचा कीस पडेल. असं त्याने स्वतःला समजावलं, आणि समजावणाऱ्या स्वतःवरही त्याला संशय आला, पण या एका संशयाकडे त्याने काणाडोळा केला. आयुष्यभर सगळ्या दारांवर पहारा दिला आणि आतल्या माणसाला कधी हटकलं नाही. मग त्याने ते शब्द खोडले. वाक्य लगेच गुळगुळीत झालं, वकिलाला हवं होतं तसंच. साहेबांनी विचारलं, “तुम्ही बघितलंय ना?” “बघितलंय.” सही झाली, मसुदा वर गेला. जिना उतरताना त्याला भीती वाटायला हवी होती, पण त्याला चक्क हलकं वाटत होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे तो त्या संध्याकाळी सौम्यपणे बघत होता. हे त्याला इतकं अनोळखी होतं की घराच्या कोपऱ्यावर तो जरा थांबलाच. आपण कुणाला तरी काहीतरी दिलं, न मागता, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय, असं त्याला वाटलं. सांगायची घाई करायची नाही, हेही त्याने ठरवलं. उपकार केल्यासारखं दिसता कामा नये.

कायदा मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा ताई अजून तिथेच होती. तिने जायचं नाव काढलं नव्हतं आणि बायकोने विचारलंही नव्हतं. सुटीचा दिवस होता. बायको बाजारात गेली होती. ताई शेंगा सोलत होती, उन्हाचा एक तुकडा तिच्या पायांवर पडला होता. तो समोर बसला. “ताई, आता निश्चिंत मनाने घरी जा,” तो म्हणाला. त्याला वाटलं होतं त्याहून त्याचा आवाज मऊ आला. “दाजींना सांग, तळ्याला काही होत नाही. मी बघितलंय ते.” तिच्या हातातली शेंग अर्धी उघडी तशीच राहिली. “म्हणजे काय?” “म्हणजे कायद्यात तळं बसत नाही. खत म्हणून साठवलंय म्हटलं की झालं. कुणी हात लावू शकणार नाही.” ती आनंदेल, कदाचित रडेल, असं त्याने धरलं होतं. ती अर्धी शेंग तिने ताटात ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, “पण ते बंद होणार होतं ना? सगळे म्हणत होते, तळी बंद करावी लागणार म्हणून. हे सुद्धा घाबरले होते. रात्ररात्र येरझाऱ्या घालत होते.”

“हो, म्हणूनच तर,” तो म्हणाला. ताईने शेंगांचं ताट बाजूला सारलं. “आमच्या विहिरीचं पाणी बिघडलंय, धाकट्या. दिसायला स्वच्छ आहे, चवीलाही काही नाही. सून बाळाला त्याच पाण्यात दूध कालवून पाजायची. एक दिवस बाळाचे ओठ निळे पडले. नखं निळी. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागलं नसतं. म्हणाले, हे पाणी लहान मुलाच्या पोटात जाता कामा नये, तळ्याचं झिरपलंय त्यात. सून त्याच पावली माहेरी गेली. म्हणाली, तळं बुजेल त्या दिवशी येईन.” ती पदराच्या टोकाने बोटं पुसू लागली. “यांच्या पाया पडले मी. मुलाच्याही पडले. हे म्हणतात, आमच्या आज्यापणज्यांनी शेतात शेण टाकलं, कोण मेलं? आणि कायदा येऊ दे, मग बघू. बरं म्हटलं, कायदाच येऊ दे. बाईचं ऐकत नाहीत, कायद्याचं तरी ऐकतील. तोवर मला तिथं राहवेना. ते घर, तो वास, तो रिकामा पाळणा. म्हणून आले. म्हटलं, कायदा लागला की जाईन परत, आणि सुनेला घेऊनच जाईन.”

“मग बोलली का नाहीस?” तो ओरडला. त्याचा आवाज खालच्या बसथांब्यापर्यंत गेला असावा, कुणीतरी वर बघितलं. “एवढे दिवस माझ्यासमोर बसून होतीस, एक शब्द बोलली का नाहीस?” “काय बोलायचं?” ताई म्हणाली. तिला खरोखरच कळलं नव्हतं. “तुझं काम सरकारी. त्यात मी कशाला शब्द टाकू? बहिणीच्या सांगण्यावरून केलं म्हणून उद्या तुलाच कुणी नाव ठेवलं असतं. एकदा विचारलं तर तू म्हणालास सांगता येत नाही. मला बरंच वाटलं. म्हटलं, हा पक्का आहे. कुणाचं ऐकून काही करायचा नाही, नीटच लिहील.” त्याला वाटलं, तिने एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो उठला, पुन्हा बसला. दुरुस्ती करता येते, मी उद्याच साहेबांना भेटतो, चूक झाली म्हणतो, असं तो भराभर बोलत राहिला, आणि बोलताना त्याला दिसत होतं, मंजूर झालेल्या कायद्यात तीन शब्द परत घालायचे तर सगळा जथा पुन्हा जमवावा लागेल, संघाचा वकील गोड हसेल, आणि मुळात विचारलं जाईल, ते शब्द होते, मग काढले कुणी? “दुसरा कायदा कधी येतो?” ताईने विचारलं. “वर्षभरात?” त्याने मान हलवली, नाही म्हणून. “बाळ चालायला लागेल की रे तोवर,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिने नजर वर उचलली. आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग अंगातल्या शर्टाकडे, मग खोलीकडे, नव्या पडद्यांकडे, कपाटाकडे, आणि पुन्हा त्याच्या डोळ्यांकडे. ते बघणं त्याच्या पुरेपूर ओळखीचं होतं. आयुष्यभर तो जगाकडे असाच बघत आला होता. फक्त ते कधी आपल्यावर रोखलं गेलं, तर अंग कसं आकसतं, हे त्याला माहीत नव्हतं.

“खरं सांग, धाकट्या,” ताई म्हणाली. “ह्यांनी तुला काय दिलं?”

“कुणी काही दिलं नाही गं,” तो म्हणाला. “शपथ. दाजी माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. कुणी काही मागितलंच नाही.”

“कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही, आणि तू आपणहून केलंस?”

“हो.”

त्याने सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं, आणि ते त्याने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्यावर क्षणभरही विश्वास ठेवला नसता.

“बरं,” ती म्हणाली, आणि आपली पिशवी भरायला आत गेली.